उडत्या पहिलवानाचं पुढचं रीळ

तंबूत बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं न्यायचं होतं. आमच्या हिनं घरातलं बिनभोकाचं पोतं शोधून काढलं, अंगणात झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि माझ्या सामोर चालू लागली. आमच्याकडे मंडईला जाताना बाई माणसाच्या मागं चालते. ही कधी चालली नाही. "तुमच्या मागं चाललं तं शेनच तुडवा लागते," म्हणायची.

केशोरीची मंडई होती. दिवाळी झाली की आमच्या या धानाच्या मुलखात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. आमचं गाव तिथून अर्ध्या कोसावर. त्या साली दंडारीच्या मांडवापलीकडे एका तंबूवाल्यानं सिनेमा लावला होता. इंग्रज जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, तरी आमच्या भागात सिनेमा म्हणजे गोंदियाला जाऊन आलेल्यानं चौकात बसून सांगायची गोष्ट होती. सांगणारा खोटं बोलला तरी पकडायला कोणी नव्हतं.

लेक आमची माहेरी आली होती. ती लेकरं घेऊन दंडारीला गेली. आम्ही दोघं पोतं घेऊन तंबूत शिरलो. हिनं बाजारातून उकडलेले शिंगाडे घेतले होते. ती सोलायची, एक मला द्यायची, एक तोंडात टाकायची. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम हेच. शिंगाडे खाल्ले आणि सिनेमा पाहिला. त्यानंतर जे झालं त्यातलं काहीच साधं नव्हतं.

मी तिसरी शिकलो. मला लिहायची हौस नाही. पण गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात, की बायकोचं मढं घरात आणि हा बुढा सिनेमावाल्याच्या तंबूत. लग्नात सांगतात, तेरवीत सांगतात, आणि मी आलो की चूप बसतात. गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. अर्धी गोष्ट सांगणाऱ्यांचा मला राग आहे. तो काऊन आहे, ते पुढं कळेल.

तर सिनेमा. मोठा सिनेमा देवाचा होता. त्याच्या आधी तंबूवाल्यानं एक छोटा दाखवला. त्यात माणसं नव्हती, चित्रं होती. कोणीतरी बसून काढलेली, रंगवलेली चित्रं, आणि ती चालत होती, बोलत होती, पडत होती. दोघं-तिघं उठून पडद्याच्या मागं जाऊन पाहून आले. मागं काहीच नव्हतं. बोली इंग्रजी होती. तंबूवाला मशीन चालवता चालवता भोंग्यातून हिंदीत अर्थ सांगत होता. आता मला वाटतं, इंग्रजी त्यालाही येत नव्हती. चित्रं पाहून त्याच्या मनाला येईल ते तो सांगायचा.

"देखिए, देखिए, उड़ता पहलवान. दिन में घड़ी सुधारता है, काम पड़े तो आसमान में जाता है."

एक मोठं गाव डोंगराच्या पायथ्याशी. वर धरण. जाड चष्म्याचा एक नालायक माणूस, त्याचं त्या गावाशी काय वाकडं होतं ते काही कळलं नाही. तंबूवाला म्हणाला, जमीन का झगडा. आम्हाला पटलं. तो चष्मेवाला यंत्र लावून धरण फोडतो. आणि इकडे एक घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस. कोणी संकटात ओरडलं की हा हातातलं भिंग ठेवतो, कपाटामागं जातो आणि पिवळे कपडे आणि काळी चादर लेवून बाहेर येतो. मग उडतो.

आधी चांगलं सांगतो. चांगलं होतं ते होतं.

त्यातलं पाणी खरं होतं. मी उभ्या जन्मात पाण्याकडे पाहत आलो. धान करणारा माणूस आभाळापेक्षा बांधीतलं पाणी जास्त पाहतो. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं पूर पाहिला असला पाहिजे. पाणी निळं नव्हतं, मातकट होतं. आणि ते धावत नाही आलं. पहिल्यांदा गल्लीत चूपचाप शिरलं, दारांच्या खालून. एक कुत्रा उठून दुसऱ्या जागी जाऊन बसला. मग तिथूनही उठला. लोकांना अजून पत्ता नाही. पूर असाच येतो. ज्यांनी पाहिला नाही ते गरजणाऱ्या पुराची चित्रं काढतात.

दुसरं, एक बाई होती. कडेवर लेकरू, कौलांवर चढलेली. तिचं तोंड चार रेघांचं होतं, जास्त नाही. पण ती ओरडत नव्हती. एका हातानं लेकरू धरून दुसरा हात कपाळावर आडवा ठेवून लांब पाहत होती. तंबूवाला भोंग्यात म्हणत होता, "माँ पुकार रही है, बचाओ, बचाओ." तिचं तोंड बंद होतं. हिनं मला कोपरानं ढोसलं. "पाहून रायले का? ती बोलून नाई रायली. हा बुवा उगाच बोंबलते."

आता वाईट. वाईट खूप आहे.

त्या सिनेमात कोणत्याच वस्तूला वजन नव्हतं. चष्मेवाल्यानं पहिलवानाला दूर ठेवायला एका पुलावरून रेल्वेचं इंजिन डब्यांसकट ढकललं. पहिलवान गेला आणि त्यानं ते इंजिन खालून हातावर झेललं. झेलताना त्याचं तोंड जसं होतं तसंच. अरे, भाऱ्याखाली मान घालताना माणसाचं तोंड बदलते. दात दिसतात, गळ्याची शीर फुगते, एक पाय आधी थरथरतो. शेजाऱ्याचा बैल चिखलात बसला तेव्हा आम्ही चौघांनी उचलला, त्यानंतर मला घास गिळता येत नव्हता. ज्याला जड लागत नाही त्यानं उचललं तर त्याची कसली बहादुरी. चित्र काढणाऱ्याला पाणी काढता आलं, वजन काढता आलं नाही.

आणि त्या गावातले लोक. सगळे गच्चीवर उभे, माना वर. एकानं दोर शोधला नाही. एकानं दार उखडून पाण्यात टाकलं नाही. एवढं मोठं गाव, त्यात एक टोपली नाही, एक फावडं नाही. पहिलवान येईल म्हणून सगळे बसले. मला त्या पाण्यापेक्षा त्या लोकांची चीड आली. असे लोक मी पुढं खऱ्यातही पाहिले.

मग पुराचं पहिलवानाच्या कानावर गेलं. तो पुलावरून वळला. आभाळात तो एवढासा दिसत होता, एक हात पुढं. खाली पाणी कौलाला लागलं. बाईनं लेकरू खांद्यावर घेतलं. पहिलवान येऊन राहिला, पाणी चढून राहिलं, आणि फट. पडदा पांढरा.

"रील टूट गया, भाइयो. आगे का कल दिखाएँगे. कल ज़रूर आइए. अब देवता का खेल."

लोक बोंबलले, शिट्ट्या मारल्या, मग देवाचा सिनेमा लागला तसे चूप बसले. आमच्या हिनं देवाचा सिनेमा थोडा पाहिला आणि पोतं ओढलं. "उठा. देवाचं मले माहीत हाय."

घरी जाताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाललो होतो. दोहीकडे हलकं, लवकर येणारं धान कापायला आलेलं, उद्या-परवा आमचंही लागणार होतं. चांदणं होतं. पुढं ती, मागं मी.

"पोचते तो," ती म्हणाली.

"कोन?"

"कोन म्हंजे? पयलवान. अजून कोनाचं बोलून रायली मी?"

"नाई पोचत."

"काऊन नाई पोचत?"

"आधी इंजिनाकडे कायले गेला? डबे रिकामे होते. म्या पायलं. रिकामे डबे वाचवाले गेला आन् इकडे बाई कौलावर. वरून कपाटामागं कपडे बदलवते. तितक्यात पानी किती चढते?"

"मंग का नागडा येईन?"

"घड्याळवालाच येऊ दे ना. पिवळ्या कपड्यानं पानी थांबते का?"

ती हसली. मग म्हणाली, "माह्यावाला बी उशिराच आला होता. आला ना पन."

इथं मला मागचं सांगावं लागते. मालगुजाराच्या काळात आमच्या गावच्या तलावाची पार फुटली होती. पार म्हणजे मातीचा बांध. लेक आमची तेव्हा अंगावर पिणारी. मी पलीकडच्या गावाला बैल आणायला गेलो होतो. परत आलो तो मधात पाणी. इकडच्या काठावर मी, तिकडे आमच्या घराची कौलं, आणि कौलांवर ही, कडेवर लेकरू घेऊन. मी पाण्यात उतरलो, दोनदा मला लोकांनी ओढून काढलं. दोर होता, तो पुरत नव्हता. मी ओरडत होतो, ती हात कपाळावर ठेवून पाहत होती. ओरडत नव्हती. दुपार कलली तेव्हा एक धिवर डोंगा घेऊन आला. डोंगा म्हणजे कोरलेलं झाडाचं खोड, मासे धरायचं. त्यानं बांबू रेटत रेटत तिला आणि लेकीला उतरवलं. त्यानंतर तो धिवर जगला तोवर दर वर्षी नव्या धानाची पहिली सुपली त्याच्या घरी जायची. माझ्या घरात ती गोष्ट कधीच जुनी झाली नाही.

"तो काही उडत नोता आला," ती म्हणाली. "खोकत आला होता. सारा वेळ खोकला. डोंगा हालत होता त्याच्या खोकल्यानं. म्या म्हनलं, आता हा बुडवते आपल्याले."

"मंग? तू म्हनतेस पयलवान पोचते म्हनून?"

"कोनी ना कोनी पोचते. तुमी त्या काठावर होते म्हनून तुमाले तसं वाटते. म्या कौलावर होती."

मी गप्प बसणारा माणूस नाही. म्हटलं, "आन् समज पोचला. पानी थांबवलं. मंग काय? लोकं टाळ्या पिटतीन, तो उडून जाईन. चिखल कोन काढंन? आपल्या घरात चिखल उन्हाळ्यापर्यंत होता. सिनेमात चिखल दाखवतीन का?"

"नाई दाखवत. चिखल पायाले कोन येईन पोतं घेऊन?"

"मंग ते अर्धंच झालं."

"अर्धं तं अर्धं. पन ती उतरली का नाई तेवढं मले पायाचं हाय." ती थांबली, मागं वळली. "पैज लावता का?"

"लाव."

"तो पोचला तं तुमी महिनाभर पानी भराचं. डोक्यावर पितळी गुंड घेऊन. इहिरीवरून, साऱ्या बायकांच्या मधून."

"आन् नाई पोचला तं?"

"मंग मी महिनाभर तुमच्या मागून चालन."

मला हसू आलं. या पैजेत मी हरलो तरी माझी लाज आणि जिंकलो तरी माझीच पंचाईत. ती मागं चालली असती तर मला वाट कोणी दाखवली असती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच विळा घेऊन निघाली, मागून मी आणि लेक. हलक्या धानाची एक बांधी आधी कापायची होती, सोयरे घरात, नवा तांदूळ दाखवायचा होता. दुपारपर्यंत कापलं. उठली आणि धुऱ्यावर बसली. मला वाटलं पाणी प्यायला बसली. जवळ गेलो तर तोंडाला घाम, थंडीच्या दिवसात.

"छातीत भरून आलं," म्हणाली. "वजन ठेवल्यासारखं."

मी आणि लेकीनं धरून घरी आणलं. बाजेवर टाकलं. लेक कोमट तेल लावत बसली. माझा साळा, म्हणजे तिचा भाऊ, मंडईला आलेला होता. त्याला सायकल देऊन वैद्याकडे पिटाळलं. दवाखाना होता, पण दवाखान्याला बैलगाडीनं जायला दिवस गेला असता, आणि बाजेवरून उठवलं तरी तिला धाप लागत होती. गाडी जुंपून ठेवली. वैद्य काय म्हणतो ते पाहून निघू, असं ठरवलं. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. एकानं विडी पेटवली. एक म्हणाला, असंच माझ्या काकीला झालं होतं. मग काकीचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. कोणी पाणी गरम केलं नाही, कोणी बैलांना चारा टाकला नाही. सगळे दारात, माना लांब करून.

ऊन उतरलं तशी ती मला म्हणाली, "तुमी निंगा ना."

"कोठी?"

"तंबूत. आज पुढलं दाखवनार हाय. पाऊन या आन् मले सांगा."

"मी कोठीच जात नाई."

"मंग मले कसं समजंन?"

"बरी झाली का समजंन. तो परवापर्यंत हाय."

"परवा तो सामान बांधते. मंग गेलं ते." तिला राग आला होता. रागावली की ती छताकडे पाहून बोलायची. "तुमाले हारायचं भेव हाय म्हनून जाऊन नाई रायले."

लेक म्हणाली, "आई, देवाचं नाव घे वो. कायले सिनेमाचं घेऊन बसली?"

"देवाचं पुरं पायलं म्या," ती म्हणाली. "ह्या बाईचं राहून गेलं."

मी गेलो नाही. बाजेपाशी बसून राहिलो. जाऊन पाहून आलो असतो तर काय झालं असतं, असं मला लोकांनी नंतर विचारलं. काही झालं नसतं. तिला तिथं एकटी टाकून जाणारा मी नव्हतो, आणि आजही नाही.

साळ्याची वाट पाहत होतो. वैद्य शेजारच्या गावात कोणाच्या बाळंतपणाला अडकला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. दिवा लावायची वेळ झाली. वारा केशोरीकडून होता. भोंगा ऐकू आला. शब्द नाही, नुसता आवाज.

"सुरू झालं वाटते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

तिनं मान भोंग्याकडे केली. ऐकता आलं तर ऐकावं म्हणून. मग तिचा श्वास एकदा मोठा आला, आणि त्याच्या मागचा आला नाही. मी वाट पाहिली. लेकीनं आधी ओळखलं.

वैद्य आला त्याच्यानंतर. सायकलवर मागं बसून, पिशवी पोटाशी धरून. त्यानं नाडी पाहिली, हात धुतले, पाणीसुद्धा न पिता परत गेला. त्याला मी काही म्हणत नाही. पण मला त्या वेळी काय वाटलं ते लिहितो. अर्ध्या कोसावर एका पडद्यावर एक माणूस त्या घटकेला कोणासाठी तरी उडून राहिला होता, आणि तिथं पोत्यावर बसलेले लोक टाळ्या पिटत असतील. त्या चित्रातल्या बाईला माझ्या बायकोपेक्षा जास्त लोक पाहत होते. त्या पहिलवानाचा मला असा राग आला जसा जिवंत माणसाचा यावा. हा त्या सिनेमाचा सगळ्यात मोठा दोष. तो माणसाला आशा लावतो, आणि आशा लावून पडद्यावरच राहतो. खोकत येणारा धिवर त्याच्यापेक्षा लाख पटीनं बरा. पण धिवराचा सिनेमा कोण काढते.

सूर्य बुडाल्यावर आमच्याकडे मढं नेत नाहीत. ठेवावं लागलं. ती रात्र मी लिहीत नाही.

सकाळी लोक आले. बांबू तोडून आणले, काही गोवऱ्या, लाकडं. साळा दोर वळत होता. बायका हिला न्हाऊ घालायचं म्हणून आत गेल्या आणि मला बाहेर काढलं. मला करायला काही नव्हतं. ज्याचं माणूस जातं त्याच्या हातात त्या दिवशी कोणी काम देत नाही. मी पायात वहाण न घालता केशोरीच्या वाटेला लागलो. कोणीतरी मागून आवाज दिला. मी वळलो नाही.

मंडई उठत होती. जागोजाग पानं, शिंगाड्याची टरफलं. तंबूवाला खुंट्या उपटत होता. एक दिवस आधीच चालला होता. मला पाहून म्हणाला, "ख़तम हो गया, बाबा. अब अगले साल."

"पुढलं सांग," म्हटलं.

"क्या?"

"उडता पयलवान. तो पोचला का नाई? बाई उतरली का?"

त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. डोळे लाल, पाय उघडे, अंगात कालचीच बंडी. त्याला वाटलं असेल रात्रभर मोहाची दारू घेऊन आलेला दिसतो. "कल नहीं आए थे?"

"नाई."

"कल भी वहीं तक था."

"मंग पुढलं कधी दाखवलं?"

तो हसला. खुंटी टाकली आणि पेटीवर बसला. हसण्यात खोट नव्हती, थकलेला होता. म्हणाला, पुढचं नाहीच, बाबा. नागपूरला एका कबाड्याकडे हा डबा मिळाला, त्यात एवढंच रीळ होतं. गावोगाव दाखवतो, तिथं आला की थांबवतो, म्हणतो रीळ तुटलं, पुढचं उद्या. लोक उद्या पुन्हा येतात. उद्या आले की पुन्हा तेच. मग देवाचा खेळ लागतो आणि लोक विसरतात.

"कोनी इचारत नाई?"

"कोई नहीं पूछता. आप पहले हो."

मी म्हटलं, "दाखव."

"क्या दिखाऊँ? मशीन बाँध दी."

"ते जिथं तुटलं ते दाखव."

काय वाटलं त्याला कोण जाणे, पेटी उघडून त्यानं डबा काढला. रिळाचं टोक ओढून माझ्या हातात दिलं. "उजाले में पकड़ो." मी सूर्याकडे तोंड करून धरलं. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. पहिल्यात पहिलवान आभाळात, हात पुढं. खालच्यात तसाच. त्याच्या खालच्यात तसाच. मी एकेक पाहत गेलो. कोठेतरी तो जवळ आलेला असेल, थोडा तरी मोठा झाला असेल म्हणून पाहिलं. मला तरी काही फरक दिसला नाही. कौलं, बाई, लेकरू त्या चित्रांत नव्हतीच. ती वरच्या कुठल्या तरी तुकड्यात राहिली होती. मग रीळ संपलं. कड फाटलेली.

मी ते त्याला परत दिलं.

"घर में किसी को बताना है क्या?" त्यानं विचारलं.

"हो."

"तो बोल दो पहुँच गया. बच्चे ख़ुश हो जाएँगे."

"बच्चे नाईत. बुढी हाय."

"तो बुढ़ी को बोल दो. क्या जाता है."

मी त्याला शिवी दिली नाही. द्यायला पाहिजे होती. तो गरीब पोटासाठी फिरणारा माणूस होता, पण त्यानं कितीतरी गावांतल्या लोकांना त्या बाईपाशी आणून सोडून दिलं होतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मी परत फिरलो. वाटेत दोन बायका शेतात धान कापून राहिल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, हातातले विळे खाली ठेवले. मी थांबलो नाही. सगळी वाट मी एकच विचार करत होतो, की तिला काय सांगायचं. तंबूवाल्यानं सांगितलं तसं सांगणं सोपं होतं. ती कोठे उठून मला खोटा म्हणणार होती.

घरी पोचलो तर तिरडी बांधून तयार. हिला नवं लुगडं नेसवून अंगणात आणून ठेवलं होतं. सारे माझ्यासाठी खोळंबलेले. कोणी डोळे वटारले, कोणी मान फिरवली. साळा सामोर आला.

"कोठी गेलते जी? सारं गाव शोधलं."

"सिनेमावाल्याकडे."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. लेक काल बाजेपाशी होती, तिला माहीत होतं. तिनं थोडं सरकून मला जागा दिली.

मी हिच्या कानापाशी वाकलो. लोकांना वाटलं, देवाचं नाव सांगतो. चूप झाले सगळे, त्यामुळे मी बोललो ते साऱ्यांनी ऐकलं.

"पुढलं नाईच त्याच्यापाशी," म्हटलं. "तेवढंच होतं. म्या सोता पाऊन आलो."

मग उठलो आणि साळ्याला म्हटलं, "उचला."